अक्षरं आतल्या अंगाला

३ ऑक्टोबर १९९५, दसरा. बारामती.

पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, भिगवण रस्त्याने जाणाऱ्या एसटीतूनही वाचता येतील एवढी मोठी: वत्सला हॉस्पिटल. रंगवणारा महिपती शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "काकू, तुमचं नाव लई अवघड. त्या 'त्स'नं घाम काढला. मालती-बिलती असता तर सकाळीच उरकलं असतं."

लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलंच गेलं नव्हतं. मी भाजी आणायच्या निमित्ताने रस्ता ओलांडला आणि पलीकडून वळून पाहिलं. मग भाजी न घेताच परत आले.

हे म्हणाले, "सरकारी दवाखान्याला कुणाचं नाव नसतं, म्हणून तिथलं काहीच कुणाचं नसतं. जीप बंद पडली तर ती कुणाचीच नाही. बाई गेली तर तीही नाही. इथे तुझं नाव आहे. आता जे होईल ते आपलं." इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या पुढे, सावरवाडीच्या आरोग्य केंद्रात आम्ही इतकी वर्षं काढली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. तिला इंदापूरला हलवायचं, तर जीपमध्ये डिझेल नव्हतं. ट्रॅक्टर येईपर्यंत ती गेली. त्यानंतर यांनी कितीतरी दिवस दाढी केली नाही. मग एका सकाळी दाढी केली, आणि राजीनामा लिहिला.

सावरवाडीहून आमची आया चंद्राबाई आली होती. आपट्याची पानं दिली आणि पाटीकडे मान वर करून बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलंय?"

"माझं नाव."

"वच्छला? येवढं लांबडं?" तिने कधीच वत्सला म्हटलं नाही, सावरवाडीत कुणीच म्हटलं नाही. "मग आता तुमी कुठं बसनार, बाई?"

"काउंटरवर. केसपेपर काढायला."

"आनि आत?"

"आत सिस्टर आहेत."

चहा न घेता गेली, गाडीची वेळ झाली होती.

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने यांना दिलेली. वर्ष संपत आलं तरी कोरीच होती म्हणून मी घेतली. प्रत्येक पानाच्या तळाला गर्भवतींसाठीच्या लोहाच्या टॉनिकची जाहिरात आहे. तेवढी जागा सोडून लिहायचं.

९ ऑक्टोबर

खाली हॉस्पिटल, वर आमचं घर. फरशी इतकी चकचकीत की चालताना आपलेच पाय दिसतात. प्रसूतीच्या खोलीला झुलतं दार आहे आणि त्यावर 'प्रवेश बंद'. यांना मी गमतीने विचारलं, "मलासुद्धा?" हे म्हणाले, "अगं, इथे शिस्त पाहिजे. सावरवाडीसारखा बाजार नको." बरोबरच आहे.

सावरवाडीत क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी वॉर्डाकडे उघडायची. कोण कण्हतंय ते भाकरी थापताना कळायचं. चंद्राबाई खिडकीशी येऊन ओरडायची, "बाई, या ओ, हिला हात पायजे!" हात म्हणजे खरोखरचा हात. कळा देणाऱ्या बाईला काहीतरी धरायला लागतं. खाटेच्या लोखंडापेक्षा माणसाचा हात बरा. मी पिठाच्या हातांनी जायची. नखं रुतायची, माझ्याच बांगड्या फुटून मनगटात जायच्या. ते व्रण आहेत अजून. काउंटरवर बसल्या बसल्या मी ते मोजत नाही, पण बोट फिरतं त्यांच्यावरून.

आम्हाला मूल झालं नाही. लग्नानंतर यांनी मला पुण्याला नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. माझ्यात काही दोष निघाला नाही. यांची तपासणी तेवढी राहून गेली. त्या वेळी केंद्रावर कामच इतकं होतं.

२४ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन, आज सूर्यग्रहण. वॉर्डात बायका भरती होत्या आणि एकीचं सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. तिच्या सासऱ्याने कालच यांना गाठलं. "डाक्टर, गिराण सुटंपातूर पोर काढू नका. पैशाकडं बघू नका, पन तेवढं ऐका."

हे ऐकतील असं वाटलं नव्हतं. पण ऑपरेशन दुपारवर गेलं आणि वॉर्डाच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली गेली. मी खळ करून दिली. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईला धोका नव्हता, थांबता येत होतं. आणि जो पैसे देऊन येतो त्याला नाही म्हणायची सोय नसते."

मला सावरवाडीचं एक ग्रहण आठवलं. अशीच एक सासूबाई दारात आडवी झाली होती. चंद्राबाईने तिला हाताला धरून बाजूला सारलं. "पोराला काय पंचांग वाचून यायला सांगू? तुमी भाईर बसून देवाचं नाव घ्या, मी आत माजं काम करते." तिथे फुकट होतं म्हणून चंद्राबाईला रागवायची मुभा होती. फुकट होतं म्हणून औषधही नव्हतं, हेही खरंच. दोन्ही कसं जमायचं ते मला कळत नाही. यांना विचारायला हवं.

सगळा वॉर्ड अंधारात बसला तेव्हा मी गच्चीवर गेले. जुन्या एक्स-रेची एक फिल्म नेली होती. कुणाच्या तरी बरगड्यांमधून सूर्य पाहिला, कुरतडलेल्या भाकरीसारखा. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे वर येतील असं वाटलं होतं, म्हणून फिल्मचा दुसरा तुकडाही नेला होता.

१७ नोव्हेंबर

थंडी पडली. आज केसपेपर थोडेच निघाले. दुपारभर कापसाचे बोळे केले. सिस्टर म्हणाली, "काकू, राहू द्या, तयार मिळतात आता."

२ डिसेंबर

सुकन्या नावाची मुलगी तपासायला येते. जळोचीकडच्या आबासाहेबांची सून. डाळिंबाची मोठी बाग आहे, जीपने येतात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण हिला आई नाही, म्हणून सासरीच. नंबर लागेपर्यंत बाकावर न बसता माझ्या काउंटरपाशी उभी राहते. आज म्हणाली, "काकू, कळा कशा असत्यात ओ? सगळ्या नुसत्या भ्या घालत्यात, कुनी सांगत न्हाय."

मी सांगितलं. मी शेकडो कळा पाहिल्यात, माझ्या हातावर झेलल्यात. लाट कशी येते, कशी ओसरते, मधे कशी चक्क झोप लागते. ती डोळे मोठे करून ऐकत होती. "तुमी आसाल न्हवं त्या येळेला?"

"असेन की. हॉस्पिटल माझ्याच नावाचं आहे."

ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्या विनोदाला हसलं.

१५ जानेवारी १९९६, संक्रांत

नवी डायरी, नवं वर्ष. यंदा तळाला कॅल्शियम आहे.

हॉस्पिटलमध्ये हळदीकुंकू केलं. यांनीच सुचवलं, ओळखी वाढतील म्हणून. सुकन्याची सासू साखरबाई पहिल्यांदाच आली. बाई करारी, पदर डोक्यावरून घट्ट. दारात थांबून तिने सुकन्याला विचारलं, पाटीवर काय नाव आहे, कुणाचं. सुकन्याने कौतुकाने माझ्याकडे बोट केलं.

"आनि पोरं काय करत्यात तुमची?" साखरबाईने मला विचारलं.

"नाहीत हो."

"बरं, बरं. देवाची मर्जी."

मी कुंकू लावायला गेले तर तिने सुकन्याला मागे घेतलं आणि म्हणाली, "तिचं कपाळ भरल्यालं हाय. मला लावा." सुकन्याची ओटी भरायला मी खण काढून ठेवला होता. पण त्यांना घाई होती, जीप दुसरीकडे जायची होती. तिळगूळही तिने दोघींचा मिळून पदराला बांधला, तिथे खाल्ला नाही. मधुमेह असावा. नाव साखरबाई आणि साखरेची बंदी! हे जेवायला बसले तेव्हा हा विनोद मी यांना सांगितला. हसले नाहीत. थकले होते.

खण कपाटात ठेवलाय. पुढच्या खेपेला देईन.

८ फेब्रुवारी

काल यांच्या केबिनमध्ये आबासाहेब बराच वेळ बसले होते. कारखान्यापासून पंचायत समितीपर्यंत त्यांचा शब्द चालतो म्हणतात. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते म्हणत होते, "डाक्टर, तुमच्या हाताबद्दल प्रश्नच न्हाय. आमच्या भागातल्या समद्या लेकीसुना हितंच येतील. फकस्त बायामानसांच्या मनाचं..." मला बघून थांबले. उठून उभे राहिले. मोठी माणसं, पण किती रीतभात.

रात्री जेवताना यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. "दिवसभर काउंटरवर बसतेस, त्रास होत असेल. एक मुलगी ठेवू." मी म्हटलं, गुडघे बरे आहेत. हे म्हणाले, "आत्ता आहेत."

इतक्या कामात माझे गुडघे यांच्या लक्षात राहतात.

१४ फेब्रुवारी

निकिता नावाची मुलगी काउंटरवर आली. चुणचुणीत आहे. मी वर असते आता. वर केसपेपर काढल्याचे आवाज येत नाहीत, फक्त झुलत्या दाराचा येतो.

२२ फेब्रुवारी

महिपती पाटीची मापं घेत होता. मी गॅलरीतून विचारलं, "काय रे?" तो दचकला. "रंग उडालाय काकू, जरा बघतोय." दसऱ्याला दिलेला रंग आताच उडतो म्हणजे कमाल. मला तरी पाटी छान दिसते. यांना सांगितलं, महिपतीला चांगला रंग वापरायला सांगा. "सांगतो," म्हणाले.

१ मार्च

चंद्राबाई आली, पण भेटायला नव्हे. सावरवाडीच्या एका अडलेल्या बाईला वडापच्या जीपमध्ये घालून आणलं होतं. मूल आडवं. हे तिच्यावरून नजर फिरवून तडक आत गेले, ना पैशाचं विचारलं ना कशाचं. आई वाचली, मूलही. यांचे हात चालताना पाहिले आहेत मी. त्या वेळी हे दुसरेच कुणी असतात.

नंतर चंद्राबाई जिन्यात बसली होती आणि हे हात पुसत आले.

"बघितलंस चंद्राबाई? तिथे ही गेली असती. तिथे भूल द्यायला माणूस नाही, रक्ताची सोय नाही. उगीच नाही आलो मी इथे."

"व्हय, खरं हाय. हात जोडते तुमाला." तिने खरोखरच जोडले. "पन डाक्टर, तुमी आल्यापास्नं तितं दुसरा डाक्टरच आला न्हाय. क्वार्टरला कुलूप हाय. चावी माज्या कनवटीला. हिला जीप घावली. जिला घावनार न्हाय ती?"

"ते सरकारला विचार."

"सरकार कुठं राहतंय, मला ठावं न्हाय. मला तुमचं घर ठावं हाय."

हे चिडले नाहीत. दमून पायरीवर तिच्या शेजारीच बसले, सावरवाडीत बसायचे तसे. मी दोघांना चहा दिला. कोण बरोबर ते मला ठरवता आलं नाही. तेवढा वेळ घर मात्र भरल्यासारखं वाटलं.

जाताना चंद्राबाई म्हणाली, "तुमी वाळला, बाई."

१२ मार्च

सुकन्याला सकाळी आणलं. गाडीतून उतरतानाच तिने वर बघून हाक मारली, "काकू!" मी खाली पळाले. यांनी बघितलं, काही म्हटलं नाही, म्हणून मी झुलत्या दारातून आत गेले. पहिल्यांदाच. तिचा हात धरला. कळ आली की ती माझ्या डोळ्यांत बघायची आणि मी तिच्याबरोबर श्वास घ्यायची. किती महिन्यांनी माझ्या हाताला काही काम होतं.

दुपारी साखरबाई गावाहून पोचली. दारातून तिने एकदाच पाहिलं. यांना बाहेर बोलावून घेतलं. झुलतं दार, त्यामुळे शब्द तुटक यायचे. "... पैला नातू... आमी काय मागितलं हुतं... तुमी शबूद दिल्याला..."

हे आत आले. माझ्या खांद्याला हात लावला. सगळ्यांसमोर हे मला कधी हात लावत नाहीत.

"तू जरा वर जा."

"ही धरून आहे मला."

"वत्सला, वर जा."

सुकन्या हात सोडेना. मी एक एक बोट उकललं तिचं. ती म्हणत होती, "न्हाय न्हाय, काकू, न्हाय." मी म्हटलं, "आलेच हं." खोटं बोलले.

वर येऊन भांडी घासली. घासलेलीच होती. संध्याकाळच्या आत रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. मुलगा. पेढे वर आले, निकिताने आणून दिले. "काकू, सगळ्यांना वाटून उरलेत, यातले घ्या."

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. साखरबाईला नातवाची काळजी होती. आणि प्रसूतीच्या खोलीत गर्दी नकोच असते.

२० मार्च, गुढीपाडवा

सकाळी कडुलिंब आणि साखरेची माळ आणायला बाजारात गेले होते. परत येताना चालता चालता पुढे गेले, कारण हॉस्पिटल ओळखूच आलं नाही. नवी पाटी. लाल. मातृकृपा हॉस्पिटल.

हे गुढीची काठी पुसत होते. "तुला संध्याकाळी नीट सांगणार होतो. पाडव्याचा मुहूर्त होता."

"सांगणार होतात?"

"नाव बदललं म्हणून तू बदलतेस का? नुसता पत्रा आहे. बायकांच्या मनात एकदा बसलं की ते निघत नाही. मी भाषण देऊ का त्यांना? त्या सरळ पुढच्या दवाखान्यात जातात, आणि तिथे कोण काय करतं ते मला माहीत आहे. त्या इथे आल्या तर वाचतील. तू विचार कर."

"काय बसलंय मनात?"

यांनी गुढीला साडी नेसवायला घेतली. चुण्या येत नव्हत्या. मी घालून दिल्या.

"मला विचारलं का नाही?"

"तू हो म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं होतं."

तो शब्द यांनी उच्चारला नाही. सभ्य आहेत. म्हणून मीच लिहिते इथे, माझ्या डायरीत, कॅल्शियमच्या वर: वांझ. साखरबाईला मधुमेह नव्हता. मी आज डायरीची सगळी पानं उलटी वाचत बसले आहे. गुडघे, महिपतीचं माप, अर्ध्यावर थांबलेलं वाक्य.

सावरवाडीतही सगळ्यांना माहीत होतं. तिथे मला कुणी पाटीवर लावलं नव्हतं आणि कुणी खाली उतरवलंही नाही. जिला यायचं ती यायची, जो हात मिळेल तो धरायची. तिथे निवड नव्हती. मी तेव्हा ही तिथली खोट समजत होते.

६ एप्रिल

काही नाही.

१८ एप्रिल

चंद्राबाई सही-शिक्क्याच्या कामाला तालुक्याला आली होती, तिथून वाट वाकडी करून आली. मागच्या बाजूला जनरेटरपाशी जुनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिने ती पाहिली.

"ह्यो पत्रा कुनाचा?"

"माझा."

"नेऊ का? बाळंतपनाच्या खोलीची खिडकी फुटलीया. काचंसाठी अर्जावर अर्ज झालं. ऊन सरळ बाईच्या तोंडावर येतंय."

तिला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. निळा पत्रा तिने ओळखला की नाही, ते मला माहीत नाही. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, ने. दोघींनी उचलून रिक्षात घातला आणि स्टँडवर कंडक्टरशी भांडून तो एसटीच्या टपावर चढवला. "बाईंचा पत्रा हाय, दोरी नीट बांध, मुडद्या," ती खालून ओरडत होती. गाडी हलली तेव्हा टपावर फक्त "ला" दिसत होता.

९ मे

आज सावरवाडीत आहे. आणि आज इथून हलणार नाही.

सकाळी यांना म्हटलं, जरा जाऊन येते. कुठे ते यांनी विचारलं नाही. "उन्हाचं जपून," म्हणाले. पायरीपर्यंत आले, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आतून सिस्टरने हाक मारली. इंदापूरला गाडी बदलली, बावड्याच्या पुढे फाट्यावर उतरले आणि चालत आले.

केंद्र आहे तसंच आहे. बाभळीखाली दोन शेळ्या, व्हरांड्यात लसीचा डबा, फळीवर रिकाम्या बाटल्या. डॉक्टर अजून आलेला नाही. सिस्टर एकटी सगळं बघते. मी पायरीवर चप्पल काढत होते तर आतून आवाज आला, "कोन हाय? आत या ओ, हिला हात पायजे!" चंद्राबाईने मला पाहिलंसुद्धा नव्हतं. जो कुणी असेल त्याला ती बोलावत होती.

खाटेवर छकुली नावाची पोर, पहिलटकरीण, माहेरपणाला आलेली. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं घर, आता इथेच शेती धरलीय. तिची आई भामाबाई पायाशी घामाघूम. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमाला किती लेकरं?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "एकही नाही."

"मंग हात मोकळा हाय न्हवं? धरा हिला, मी वाईच पानी पिऊन येते. सकाळधरनं घसा कोरडा पडलाय माजा."

आणि गेली.

मी छकुलीच्या उशाशी बसले आणि हात दिला. मग खिडकीकडे लक्ष गेलं. उशाच्या बाजूचीच खिडकी, चौकटीत निळा पत्रा ठोकलेला. अक्षरं आतल्या अंगाला. आणि उलटी! वत्सला, डोकं खाली पाय वर.

"चंद्राबाई, पाटी आतून का लावलीस?"

"भाईर ऊन-पानी लागून रंग गेला आसता की. येवढा चांगला रंग."

"आणि हॉस्पिटल कुठे गेलं?"

"त्ये जास्तीचं हुतं, खिडकीत बसंना. लोहाराकडनं कापून घेतलं. कोंबड्यांच्या खुराड्यावर हाय." सिस्टर हसली. मीही हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते कुणी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात छकुलीला जोराची कळ आली.

माझ्या मनगटातली एक बांगडी फुटली. मी तिला लाट सांगितली: आता येतेय, आता वर, आता उतरली. कळ ओसरली तशी तिने मान मागे टाकली, पार मागे, उशीवरून. डोळे खिडकीवर गेले. ओठ हलले. चौथीपर्यंत शिकलेली आहे.

"व... त... स..." तिने पुन्हा पाहिलं. उताण्या माणसाने मान मागे टाकली की उलटं ते सुलटं दिसतं. "वच्छला," ती म्हणाली. "वच्छला लिवलंय. कोन हाय ही?"

"हात कुनाचा धरलायास?" चंद्राबाई म्हणाली. "आता गप आन् जोर लाव."

मुलगी झाली. उन्हं कलायच्या आत. चंद्राबाईने पुसून, गुंडाळून आधी माझ्या हातात दिली, भामाबाई दोन्ही हात पुढे करून उभी होती तरी.

संध्याकाळची गाडी गेली. चंद्राबाईने कनवटीची चावी काढून क्वार्टर उघडून दिलं आणि झाडलं. स्वयंपाकघराची खिडकी गंजून बसली होती, ती दोघींनी मिळून ढकलली. तिथेच बसून लिहिते आहे. वॉर्डातलं सगळं ऐकू येतं. यांना निरोप पाठवला आहे, आज येत नाही. उद्याच्या गाडीचं उद्या बघेन.

पाटी उलटी आहे हे चंद्राबाईला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.